बर्फाचा हिशेब

आमच्या राजगुरुनगरला बर्फ दोनच ठिकाणी दिसतो. उन्हाळ्यात पुणे-नाशिक रस्त्यावरच्या रसवंतीत, आणि एरवी बाजारात मासळीच्या पाट्यांवर. कधीमधी एप्रिल-मे महिन्यात गारा पडतात, पण तो बर्फ पाच मिनिटांचा. त्यानं केलेलं नुकसान मात्र वर्षभराचं असतं. तेव्हा शेजारच्या घरातली मुलगी बी. एस्सी. झाल्यावर जेव्हा म्हणाली, की मला उपग्रहाच्या चित्रांवरून बर्फाचा अभ्यास करायचा आहे, तेव्हा तिच्या घरात जे झालं ते साहजिकच होतं. तिचे वडील चाकणच्या एका कारखान्यात पाळीवर जातात. ते काही बोलले नाहीत. आजी मात्र तडक माझ्याकडे आल्या.

"ताई, तुम्ही बँकेत होता, पुस्तकं लिहिता. तुम्हीच सांगा तिला. आपल्याकडं बर्फ पडतो का? मग त्याचं शिक्षण घेऊन ही पोटाला काय खाणार?"

प्रश्न बिनतोड होता. पस्तीस वर्षं बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना मीही समोरच्याला असलाच प्रश्न विचारत आले होते : यातून उत्पन्न काय? मी आजींना म्हटलं, चार दिवस द्या, जरा वाचून बघते. चार दिवसांचे दोन महिने झाले. त्या वाचनात मला एक बाई भेटल्या, आणि त्यांच्या कामात मला, आश्चर्य म्हणजे, माझ्याच जुन्या नोकरीची ओळख पटली. त्यांचं नाव डॉ. डोरोथी हॉल.

हॉलबाई १९७५ साली अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या गॉडार्ड केंद्रात कामाला लागल्या. नासा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चंद्रावर उतरणारी माणसं येतात. गॉडार्डमध्ये मात्र बरंचसं काम उलट्या दिशेनं चालतं. वर जायचं ते खाली, आपल्याच पृथ्वीकडे बघण्यासाठी. नोकरी करता करता त्यांनी १९८० साली मेरीलँड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. सुरुवातीच्या काळात त्यांनी अलास्काच्या उत्तरेकडच्या नद्यांचा अभ्यास केला. तिथं हिवाळ्यात नदीच्या पात्रात खालून पाणी झिरपत राहतं आणि थरावर थर गोठत जातात. हे पाणी येतं कुठून, असा तो प्रश्न होता. १९८५ साली त्यांनी यारोस्लाव मार्टिनेक या शास्त्रज्ञाबरोबर दुरून केलेल्या हिम-निरीक्षणावर एक पुस्तक लिहिलं. मार्टिनेक यांचं नाव ज्या पद्धतीशी जोडलेलं आहे ती मला फार आवडली. डोंगरावर किती भाग बर्फानं झाकलेला आहे आणि रोजचं तापमान किती आहे, यांवरून नदीत किती पाणी येईल याचा अंदाज त्या पद्धतीनं बांधता येतो. म्हणजे डोंगरावरचा बर्फ ही ठेव, आणि उन्हाळ्यात नदीला येणारं पाणी ही तिची मुदतपूर्ती. भाक्रा धरणाखाली शेती करणाऱ्या पंजाबच्या शेतकऱ्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. सतलजला येणाऱ्या पाण्यात हिमालयातल्या वितळलेल्या बर्फाचा मोठा वाटा असतो.

आता ही ठेव मोजायची कशी? उत्तर गोलार्धात ऐन हिवाळ्यात साडेचार कोटी चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन बर्फाखाली जाते. एवढ्या प्रदेशात पट्टी घेऊन कोण फिरणार? १९६० साली पहिला हवामान-उपग्रह वर गेला, आणि १९६६ पासून अमेरिकेत उपग्रहाची छायाचित्रं बघून दर आठवड्याला बर्फाचे नकाशे काढायला सुरुवात झाली. माणसं चित्रांवर डोळे लावून बसत आणि हातानं सीमारेषा आखत. त्यात एक अडचण होती, ती कुणाही गृहिणीला चटकन कळेल. दूधही पांढरं आणि ताकही पांढरं. वरून बघताना ढगही पांढरे आणि बर्फही पांढराच. हा डोंगरावरचा बर्फ, की डोंगरावर विसावलेला ढग?

त्याचं उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात आहे. ताजा बर्फ आपल्याला दिसणारा प्रकाश शंभरात ऐंशी-नव्वद भाग परत फेकतो, म्हणून तो लखलखतो. पण अवरक्त किरणांचा एक विशिष्ट पट्टा असा आहे, की त्यात बर्फ ते किरण शोषून घेतो आणि काळपट दिसतो. ढग मात्र त्या पट्ट्यातही बहुधा उजळच राहतात. तेव्हा एकाच जागेचं एक मोजमाप हिरव्या प्रकाशात घ्यायचं, दुसरं त्या अवरक्त पट्ट्यात, आणि दोघांतल्या फरकाला दोघांच्या बेरजेनं भागायचं. येणारा आकडा ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा असला तर तो बर्फ. गणित सातवीतलं आहे. हॉलबाईंनी जॉर्ज रिग्ज आणि व्हिन्सेंट सालोमनसन या सहकाऱ्यांबरोबर याच तत्त्वावर साऱ्या पृथ्वीचे हिम-नकाशे यंत्राकडून काढून घेण्याची रीत बसवली आणि १९९५ साली ती प्रसिद्ध केली. ती ज्या उपकरणासाठी होती, ते 'मोडिस' नावाचं उपकरण घेऊन 'टेरा' हा उपग्रह १८ डिसेंबर १९९९ रोजी वर गेला. त्याचा जोडीदार 'ॲक्वा' ४ मे २००२ रोजी गेला. म्हणजे रीत आधी लिहून ठेवली आणि वापरायला पाच वर्षं वाट पाहिली. त्यानंतर रोजच्या रोज, पाचशे मीटरच्या चौकोनाचौकोनानं, पृथ्वीवर कुठं बर्फ आहे आणि कुठं नाही याची रोजकीर्द लिहिली जाऊ लागली.

इथवर वाचून मी थांबले असते, तर आजींना सांगायला काही विशेष नव्हतं. हुशार बाई, मोठी संस्था, मोठं यंत्र. पण पुढं त्यांच्या निबंधांची शीर्षकं चाळताना एका ठिकाणी मी अडखळले. २००३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ऑस्ट्रियातल्या हिमनद्यांवर एक निबंध लिहिला. विषय हिमनदी किती मागं हटली एवढाच नव्हता; १८९३ पासूनच्या जुन्या नोंदी आणि उपग्रहाची चित्रं यांवरून ती किती हटली हे सांगताना आपल्या मोजणीत चूक किती असू शकते, हा विषय होता. पुढं २००७ साली हॉल आणि रिग्ज यांनी आपल्याच हिम-नकाशांची झाडाझडती घेतली. निष्कर्ष असा, की आकाश निरभ्र असेल तेव्हा नकाशे सुमारे ९३ टक्के अचूक असतात. दाट जंगलात झाडांखालचा बर्फ हुकतो, आणि ढग व बर्फ यांचा घोळ अजूनही काही ठिकाणी होतो. हे त्यांनी स्वतःच छापलं.

बँकेत काम केलेल्यांना यातलं मोल कळेल. संगणक येण्यापूर्वीचे दिवस आठवा. एकानं व्हाउचर लिहायचं, दुसऱ्यानं तपासून सही करायची. दुसऱ्या सहीशिवाय पैसा हलत नसे. सहामाहीच्या बॅलन्सिंगला रात्र रात्र बसायचं; आणि सात रुपये चाळीस पैशांचा फरक येत असला, तर तो खिशातून भरून मोकळं व्हायची मुभा नव्हती. फरक शोधायचा, नाही सापडला तर तो सस्पेन्स खात्यात उघडपणे मांडायचा. मी नवी होते तेव्हा मला वाटे, काय हा सात रुपयांसाठी आटापिटा! आमच्या हेडकॅशिअरनं मला समजावलं होतं, की फरक सात रुपयांचा दिसतो, पण तो दोन मोठ्या चुकांची वजाबाकीही असू शकतो. हॉलबाईंच्या निबंधांत मला ते सस्पेन्स खातं दिसलं.

आणि अशा हिशेबाचा उपयोग काय होतो, ते २०१२ सालच्या जुलैत दिसलं. ग्रीनलंड म्हणजे भारताच्या दोन-तृतीयांश आकाराचं बेट, आणि त्याचा बहुतेक भाग प्रचंड जाडीच्या बर्फानं झाकलेला. उन्हाळ्यात तिथला साधारण निम्मा पृष्ठभाग वरवर ओलावतो, हे नेहमीचं. नासाच्याच कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत सोन न्हीएम नावाचे शास्त्रज्ञ एका उपग्रहाच्या रडारचे आकडे तपासत होते. १२ जुलैच्या आकड्यांत जवळजवळ सारं ग्रीनलंड वितळताना दिसलं, अगदी तीन हजार मीटरपेक्षा उंच माथ्यासकट. त्यांचा विश्वास बसेना. त्यांना पहिली शंका आली ती आकड्यांचीच. हे खरं आहे, की यंत्र चुकतं आहे?

तो उपग्रह कोणाचा होता? आपला. भारतानं २३ सप्टेंबर २००९ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला 'ओशनसॅट-२'. समुद्रावरचे वारे मोजण्यासाठी पाठवलेलं त्याचं रडार बर्फाच्या ओलाव्याबद्दलही बोलत होतं.

न्हीएम यांनी गॉडार्डला हॉलबाईंना विचारलं. त्या टेरा आणि ॲक्वावरच्या मोडिसमधून ग्रीनलंडच्या पृष्ठभागाच्या तापमानाची नोंद ठेवत होत्या. त्यांनी आपली वही उघडली. तिथंही तापमान विलक्षण चढलेलं होतं आणि वितळण्याच्या खुणा सर्वदूर होत्या. मग आणखी दोन विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनी तिसऱ्या प्रकारच्या उपग्रहांवरून पडताळा घेतला. ८ जुलैला सुमारे ४० टक्के पृष्ठभाग वितळत होता. चार दिवसांत तो ९७ टक्क्यांवर गेला होता. माथ्यावरचा बर्फ खोलवर खणून काढलेल्या नळकांड्यांच्या अभ्यासावरून असं सांगण्यात आलं, की इतकं सर्वदूर वितळणं सरासरी दीडशे वर्षांत एकदा होतं आणि या आधीचं १८८९ सालचं होतं. बातमी जगभर झाली, पण ती छापली जाण्यापूर्वी तिच्यावर दुसरी सही झाली होती. पुढं २०१९ साली त्या माथ्यावर पुन्हा वितळण्याची नोंद झाली, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये तर तिथं चक्क पाऊस पडला. दीडशे वर्षांचं जुनं माप आता पुरतं का, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. पण तो प्रश्न विचारता येतो तोच मुळी वहीत मागची पानं भरलेली आहेत म्हणून.

हे सगळं मी आजींना सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "ती बाई मोठीच. पण ते सगळं तिकडचं झालं. आपल्याकडचं काय?"

आपल्याकडचं सांगायला मला फार लांब जावं लागलं नाही. राजगुरुनगरहून एस. टी. नं पुण्याला गेलेल्या प्रत्येकाला शिवाजीनगरचं 'सिमला ऑफिस' ठाऊक आहे. पुण्यात सिमल्याचं काय काम, असा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. हे हवामान खात्याचं कार्यालय. खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथं आलं. पुढं १९४४ साली ते दिल्लीला गेलं, पण नाव राहिलं आणि कामही राहिलं. या खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारनं त्यांना विचारलं, की पावसाचा अंदाज आधी सांगता येईल का? ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली मांडलं, की हिमालयात बर्फ जास्त पडला आणि उशिरापर्यंत टिकला, की पुढचा पावसाळा कमजोर जातो. त्याच आधारावर भारतातले पहिले मोसमी अंदाज दिले गेले. म्हणजे आपल्या पावसाच्या भविष्याची सुरुवातच बर्फापासून झाली.

त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. मान्सून चालतो तो जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर. जमीन तापली, की समुद्रावरचे बाष्पभरले वारे तिच्याकडे धावतात. पण जमिनीवर बर्फ असेल तर तो ऊन परत फेकतो. उरलेली उष्णता बर्फ वितळवण्यात आणि मग तो चिखल वाळवण्यात खर्च होते. जमीन उशिरा तापते, वारे थंडावतात. ब्लॅनफर्ड यांच्याकडे डोंगरातल्या ठाण्यांवरून येणारे निरोप तेवढे होते. १९७६ साली हान आणि शुक्ला या शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या नकाशांवरून नऊ वर्षांचा बर्फ आणि नऊ वर्षांचा पाऊस शेजारी शेजारी ठेवले, आणि हे उलटं नातं युरोप-आशियाच्या बर्फालाही लागू असल्याचं दिसलं.

पुढचा अध्याय पुण्याच्या पाषाणचा आहे. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत अश्विनी कुलकर्णी यांनी आर. एच. कृपलानी यांच्याबरोबर हे नातं नव्यानं तपासायला घेतलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी पूर्वीच्या सोव्हिएत रशियातल्या हिम-जाडीच्या नोंदी घेतल्या, त्या थेट १८८१ पासूनच्या. त्यातून दिसलं, की मॉस्कोभोवतीच्या प्रदेशात हिवाळ्यात बर्फ जाड असला तर आपला पाऊस कमी होण्याकडे कल असतो. पण मध्य सैबेरियात बर्फ जाड असला तर उलट. सगळा बर्फ सारखा नव्हता. मग २००३ साली त्यांनी एस. एस. सबडे यांच्यासह पश्चिम हिमालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. या वेळी आधार होता आपल्या 'इन्सॅट' उपग्रहांवरून तयार केलेल्या १९८६ ते २००० या वर्षांच्या हिम-नोंदींचा. मे महिन्यात बर्फ कमी आणि आधीच्या महिन्यांत तो लवकर वितळलेला, तर पाऊस चांगला, हे जुनं नातं त्यात दिसलं. पण दुसरीही गोष्ट दिसली. १९९३ नंतर वसंत ऋतूतला बर्फ कमी होत होता आणि लवकर वितळत होता. तरी मान्सूनचे वारे त्या मानानं जोरदार व्हायला हवे होते ते झाले नव्हते, उलट क्षीणच दिसत होते. शंभर वर्षांहून जुन्या, पाठ्यपुस्तकांत बसलेल्या नात्यात फरक येत होता. तो त्यांनी खिशातून भरून मिटवला नाही, खात्यावर मांडला.

हे वाचताना मला २००२ साल आठवलं. तेव्हा माझ्याकडे शेतीकर्जांचं टेबल होतं. त्या वर्षी देशभरासाठी अंदाज होता सर्वसाधारण पावसाचा, आणि जुलै महिन्यात देशात सरासरीच्या जेमतेम निम्माच पाऊस पडला. पूर्ण मोसमाची तूट १९ टक्क्यांवर गेली. आकडे देशाचे असतात, थकबाकी मात्र घराघराची असते. चासकडचे एक वयस्क शेतकरी हप्त्याची मुदत वाढवून मागायला आले होते. मी कागद पुढे केला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, हप्ता मी लिहून देतो. पण पाऊस कोण लिहून देणार?" मी काहीच बोलू शकले नाही. इतकी वर्षं ते वाक्य माझ्या मनात कुठंतरी अडकून होतं. पाऊस कुणीच लिहून देऊ शकत नाही. पण अंदाज कशावर उभा आहे, त्यातला कोणता आधार सरकू लागला आहे, हे खरं खरं सांगणारी माणसं असावी लागतात. ती नसतील तर पुढचा अंदाज सुधारणारच नाही. २००३ पासून हवामान खात्यानं दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाची रीत बदलली, ती अशाच फेरतपासणीतून.

हॉलबाईंची ती दोन पट्ट्यांची युक्तीही इकडे आली आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये भारतानं 'रिसोर्ससॅट-१' सोडला. त्याच्या चित्रांवरून हिमालयातल्या हिमाच्छादनावर नजर ठेवण्याची पद्धत अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात बसवली गेली, तिचा पाया हेच गणित आहे. ते काम करणाऱ्यांत अनिल कुलकर्णी हे नाव प्रमुख आहे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चिनाब, पार्वती आणि बास्पा या खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्या उपग्रहावरून मोजल्या आणि २००७ साली सांगितलं, की १९६२ पासून त्यांचं क्षेत्र २१ टक्क्यांनी घटलं आहे. ज्या ठेवीच्या व्याजावर उत्तर भारताच्या नद्या उन्हाळ्यात वाहतात, तिच्या मुद्दलालाच हात लागला आहे, असा याचा अर्थ.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर मी असं दिलं. आपल्या भीमेला हिमालयाचा एक थेंबही येत नाही. तिला भीमाशंकरच्या डोंगरातला पाऊसच पोसतो. पण तो पाऊस आणणारं वारं कुठून किती जोरानं येईल, याच्या हिशेबात हजारो कोसांवरच्या बर्फाची एक ओळ आहे. ती ओळ कुणीतरी लिहायला हवी, आणि दुसऱ्या कुणीतरी ती तपासायला हवी.

पोटाचं काय, हेही मी टाळलं नाही. चाकणच्या कारखान्यात लागेल तितक्या लवकर नोकरी यात लागणार नाही. शिक्षण लांबतं, जागा थोड्या असतात, आणि नाव होईलच असं नाही. हॉलबाईंचं नाव राजगुरुनगरात कुणी ऐकलेलं नव्हतं, अश्विनी कुलकर्णींचं नाव तासाभराच्या अंतरावर असूनही मी ऐकलेलं नव्हतं. ज्याला रोज तेच काम चोखपणे करण्यात समाधान मिळतं, आपली चूक स्वतः शोधून सांगायची ज्याला लाज वाटत नाही, त्याचंच हे काम. मुलीला मी एवढंच विचारलं, की वीस वर्षं एकच वही लिहिशील का? ती म्हणाली, "लिहीन की. पण आधी प्रवेश तर मिळू दे!"

तिच्या वडिलांनी अजून होकार दिलेला नाही. परवा मात्र ते रात्रपाळीहून परत येताना आमच्या फाटकाशी थांबले. "मॅडम," म्हणाले, "तो ढग आणि बर्फ ओळखायचा हिशेब परत एकदा सांगा. आमच्याकडं क्वालिटीला असंच असतं. वरून दोन्ही तुकडे सारखे दिसतात." मी त्यांना आत बोलावलं. चहा होईपर्यंत आम्ही वहीच्या मागच्या पानावर ती वजाबाकी आणि तो भागाकार मांडून बघितला.